पाचशेऐवजी तीनशे: बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा नियम ठरतो कसा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल नव्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यातला एक आकडा सगळ्यात जास्त चर्चेत आला: ३०० मिलिलिटर. इतकी वर्षं तो ५०० होता. नैसर्गिक बाळंतपणानंतर ५०० मिलि रक्त गेलं की रक्तस्राव 'जास्त' समजायचा, हे नर्सिंगच्या मुलींना पहिल्यापासून पाठ. आता ३०० मिलि गेलं आणि सोबत नाडी किंवा बीपी बिघडलेलं दिसलं, तर तिथेच उपचार सुरू करा असं सांगितलं आहे.

ऐकणाऱ्याला प्रश्न पडतोच. पाचशेचे तीनशे कुणी केले? उद्या दोनशे करतील का? आणि तालुक्याच्या लेबर रूममध्ये रात्रपाळीला एकटी असलेल्या सिस्टरने ते का ऐकायचं? 'गाइडलाइन' हा शब्द हल्ली डॉक्टरांच्या तोंडी आणि मेडिक्लेमच्या पत्रातही असतो, पण ती तयार कशी होते हे सहसा कुणी सांगत नाही. थोडक्यात सांगायचं तर गाइडलाइन म्हणजे उपलब्ध पुरावा तपासून, बहुतेक रुग्णांसाठी काय करणं बरं, हे कारणासकट लिहिलेली शिफारस. तो कायदा नाही आणि फर्मानही नाही. या एका आकड्याचा माग काढला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी रक्त का जातं ते पाहू

दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जात असतं. बाळ बाहेर आलं, वार पडली, की पिशवी घट्ट आकसते आणि तिच्या स्नायूंमध्ये रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बहुतेक जणींच्या बाबतीत हे आपोआप होतं. पिशवी सैल राहिली तर रक्त थांबत नाही. दहापैकी सातेक वेळा कारण हेच असतं. उरलेल्या वेळी वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, कुठे फाटलेलं असतं किंवा रक्त नीट गोठत नसतं.

बाळंतपणानंतरच्या अशा जास्त रक्तस्रावाला डॉक्टर पीपीएच (पोस्टपार्टम हेमरेज) म्हणतात. जगभरात दरवर्षी जवळपास ४५ हजार बायका याने जातात, आणि बहुतेक मृत्यू गरीब देशांत होतात. आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला अर्धा लिटर जाईपर्यंत थांबायला सांगणं म्हणजे फार उशीर करणं.

अंदाज एक, माप दुसरं

आता खरी गोम. ३०० असो की ५००, गेलेलं रक्त मोजतं कोण? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. टेबलावर, चादरीवर, पॅडवर, बादलीत, जमिनीवर रक्त असतं; त्यात गर्भजल मिसळलेलं असतं; आणि डॉक्टर किंवा सिस्टर नजरेने ठरवते, 'असेल तीनशे-साडेतीनशे'.

या अंदाजाची परीक्षा आपल्या शेजारीच झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या चमूने जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास हाती घेतला. बाळंतपण करणाऱ्या एएनएम सिस्टर होत्या, सलाईन-इंजेक्शनची सोय तुटपुंजी होती, आणि प्रश्न होता की नुसत्या गोळीने रक्तस्राव टळतो का. उत्तर मिळवायचं तर रक्त मोजणं भाग. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचा एक साधा ड्रेप बनवला. बाळ बाहेर आल्यावर तो बाईच्या कुल्ल्यांखाली सरकवायचा आणि पोटाभोवती बांधायचा. त्याचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता, त्यावर मिलिलिटरच्या रेषा. रक्त त्यात साठतं, आकडा समोर दिसतो.

१६२० बायकांचा हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी न मिळालेल्या गटात १२ टक्के बायकांना पीपीएच झाला, गोळी मिळालेल्या गटात ६.४ टक्के. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली: नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी येत होता. म्हणजे सिस्टरला तीनशे वाटत होतं, तेव्हा प्रत्यक्षात साडेचारशे गेलेलं असायचं. गोळीच्या अभ्यासासाठी मोजपट्टी म्हणून केलेल्या या ड्रेपची गोष्ट पुढे बरीच लांब जाते.

पुरावा म्हणजे नेमकं काय?

'मी तीस वर्षं बाळंतपणं करतोय, मला माहीत आहे' हा अनुभव झाला. तो टाकाऊ नाही, पण त्याला एक खोट आहे: ज्या बायका औषधाशिवायही बऱ्या झाल्या असत्या, त्या अनुभवात वेगळ्या दिसत नाहीत. शेतकरी ही खोट बरोबर ओळखतो. नवीन खत तो अख्ख्या रानात टाकत नाही. काही सऱ्यांना टाकतो, काहींना नाही, आणि मग तुलना करतो. खताच्या सऱ्या विहिरीजवळच्याच निवडल्या तर पीक पाण्याने आलं की खताने, हे कळणार नाही. म्हणून कुठल्या सरीला खत, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. औषधांच्या चाचण्यांमधली ही चिठ्ठीची पद्धत खरोखरच शेतीतून आली आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात ती रुजवली.

पीपीएचमधलं याचं ठळक उदाहरण म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. झालेली गुठळी विरघळू न देणारं हे इंजेक्शन. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. बाळंतिणींवर त्याचा अभ्यास व्हावा अशी उताकोबाईंची इच्छा होती, पण स्त्रीरोगतज्ज्ञांना त्या पटवू शकल्या नाहीत. पुढे अर्धशतक तसंच गेलं. अखेर २१ देशांतल्या १९३ रुग्णालयांत २०,०६० बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी इंजेक्शन, आणि कुणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी रक्तस्रावाने १.२ टक्के गेल्या, न मिळालेल्यांपैकी १.७ टक्के. रक्ताच्या गाठी होण्याची भीती होती, तसं काही वाढलं नाही. तीन तास उलटून गेल्यावर दिलं तर उपयोग दिसला नाही. हे निकाल एप्रिल २०१७ मध्ये आले. उताको ओकामोतो त्याच्या वर्षभर आधी, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या.

१.२ आणि १.७ हा फरक किरकोळ वाटतो. पण असा फरक कुठल्याही एका डॉक्टरच्या आयुष्यभराच्या अनुभवात दिसणं अशक्य. तो दिसायला वीस हजार बायका लागतात.

पुराव्यावरून शिफारस कशी होते?

चाचणी झाली की गाइडलाइन आपोआप बनत नाही. आधी प्रश्न बांधून घेतात: कोणत्या बाईला, काय द्यायचं, कशाच्या तुलनेत, आणि काय सुधारलं म्हणजे यश मानायचं. मग जगभरातले सगळे अभ्यास गोळा करतात. 'सगळे' हा शब्द इथे महत्त्वाचा. सोयीचे तेवढे वेचले तर काहीही सिद्ध करता येतं. त्यानंतर 'ग्रेड' नावाच्या पद्धतीने दोन वेगवेगळ्या गोष्टी ठरवतात. पुरावा किती भरवशाचा, हे चार पायऱ्यांत: उच्च, मध्यम, कमी, फार कमी. आणि शिफारस किती ठाम, हे वेगळं. इथे फायदा-तोटा, खर्च, बायकांना काय हवं आहे, खेड्यात ते जमेल का, असं सगळं तोललं जातं. त्यामुळे पुरावा बरा असूनही शिफारस सशर्त असू शकते.

आरोग्य संघटनेलाही ही शिस्त उशिराच लागली. तिच्या सूचना पुराव्यापेक्षा तज्ज्ञांच्या मतावरच जास्त उभ्या असतात, अशी जाहीर टीका २००७ मध्ये झाली. त्याच वर्षी तिने प्रत्येक सूचना तपासणारी समिती नेमली.

आता ३०० कडे येऊ. २३ देशांतल्या तीन लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली: कोणत्या टप्प्यावर इशारा दिला तर पुढे जिवावर बेतणाऱ्या बायका वेळेत सापडतात? ५०० ची वाट पाहिली तर अशा बऱ्याच जणी हातून सुटतात. नुसतं ३०० धरलं तर त्या सापडतात, पण ज्यांना काही होणार नव्हतं अशा कितीतरी जणींसाठीही धावपळ होते. विनाकारण सलाईन, विनाकारण औषधं, आणि तेवढा वेळ दुसऱ्या टेबलावरची बाई वाऱ्यावर. म्हणून मधला मार्ग निघाला. ३०० मिलि आणि जोडीला बिघडलेलं एखादं लक्षण, जसं की नाडी १०० च्या वर, वरचं बीपी १०० च्या खाली, किंवा नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा. आणि ५०० गेलं तर लक्षण असो-नसो, उपचार सुरू. म्हणजे ५०० रद्द झालेलं नाही. त्याच्या आधी एक इशारा आला आहे. बातम्यांमध्ये नेमकं हेच गळालं.

'नियम सारखे बदलतात, मग भरवसा कशाचा?'

बदलतात, आणि बदलायलाच हवेत. बाळ झाल्यावर रक्तस्राव टाळण्यासाठी वर्षानुवर्षं तीन गोष्टी एकत्र शिकवल्या जायच्या: पिशवी आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, नाळ हलकेच ओढून वार काढणं, आणि पोटावरून पिशवी चोळणं. कशाने किती फरक पडतो हे कुणी वेगळं काढलं नव्हतं. मग भारतासह आठ देशांत, चोवीस हजारांहून अधिक बायकांवर, नाळ न ओढता पाहिलं गेलं. फारसा फरक पडला नाही. काम मुख्यतः इंजेक्शन करत होतं. त्यामुळे २०१२ च्या सूचनांत इंजेक्शन ठामपणे राहिलं. नाळ ओढणं फक्त कुशल हातांसाठी आणि तेही ऐच्छिक झालं. इंजेक्शन मिळालेल्या बाईची पिशवी केवळ खबरदारी म्हणून सतत चोळत बसणंही वगळलं गेलं.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचंही तसंच. रक्तस्राव सुरू झाल्यावर ते उपयोगी, मग रक्तक्षय असलेल्या बायकांना आधीच देऊन टाकलं तर? तर्क बिनतोड वाटतो. पंधरा हजारांहून अधिक बायकांवर करून पाहिलं, रक्तस्राव टळला नाही. ते निकाल २०२३ मध्ये आले. तर्क बिनतोड असला तरी तपासावा लागतो, तो यासाठीच.

सगळं माहीत होतं, मग अडलं कुठे?

लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑक्सिटोसिन जुनं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड स्वस्त, सूचना फुकट डाउनलोड करता येतात. तरी बायका जातच होत्या.

पहिली समजूत अशी की माप नाही म्हणून अडतंय. युरोपात १३ देशांतल्या प्रसूतिगृहांना रक्त मोजायच्या पिशव्या देऊन पाहिलं. २०१० च्या त्या अभ्यासात नुसत्या पिशवीने गंभीर रक्तस्राव ठोस असा कमी झाला नाही. आकडा दिसला, पण आकड्याचं काय करायचं हे कुणी ठरवून दिलं नव्हतं.

दुसरी समजूत अशी की यादी हाताशी नाही म्हणून अडतंय. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० आरोग्य केंद्रांवर हा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांना सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट मिळाली, आणि ती वापरायला शिकवणारे प्रशिक्षकही येत राहिले. कर्मचाऱ्यांच्या वागण्यात खरोखर फरक पडला: दोन महिन्यांनी यादीतल्या ७३ टक्के गोष्टी होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. प्रशिक्षक थांबल्यावर हे प्रमाण ६२ पर्यंत उतरलं. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडे जवळपास सारखीच, १५ टक्क्यांच्या आसपास. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांनंतर हाती आलेला हा निकाल २०१७ मध्ये छापला गेला, आणि चेकलिस्टवर जीव असलेल्या बऱ्याच जणांना तो जड गेला. तज्ज्ञ नाही, रक्त नाही, पुढे पाठवायची नीट व्यवस्था नाही, अशा ठिकाणी यादी एकटी काय करणार?

मग केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत 'ई-मोटिव्ह' नावाचा अभ्यास झाला. यात औषध एकही नवीन नव्हतं. ड्रेपवर ३०० आणि ५०० च्या रेषा. रेष गाठली की एकामागून एक वाट न पाहता सगळं एकदम: पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, आणि लागलं तर मोठ्या डॉक्टरांना हाक. आधीच्या पद्धतीत एक उपाय करून 'बघू थांबतंय का' म्हणत पुढचा करायचा. त्या 'बघू'तच अर्धा तास जायचा. शिवाय सामान शोधायला लागू नये म्हणून सगळं एका ट्रॉलीत किंवा पेटीत. लेबर रूममध्येच सराव. दर महिन्याला आकडे भिंतीवर, आणि पाठपुरावा करणारी एक ठरलेली व्यक्ती.

फरक मोठा होता. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच झालेल्यांपैकी निम्म्याच ओळखल्या जात होत्या, इथे ९३ टक्के. उपचारांचा पूर्ण संच आधी १९ टक्के जणींना मिळत होता, इथे ९१. लिटरभर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, या तिन्हींचं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. नुसत्या मृत्यूंमधला फरक मात्र ठामपणे बोलण्याइतका मोठा नव्हता, हेही सांगायला हवं. तरी बेळगावात मोजपट्टी म्हणून जन्मलेला ड्रेप आता उपचाराचाच भाग झाला.

'आफ्रिकेतलं आपल्याकडे चालेल?'

शरीर तेच, पण व्यवस्था वेगळी. म्हणून प्रश्न रास्त आहे. ऑक्सिटोसिनचंच घ्या. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात, लोडशेडिंगमध्ये, फ्रीजमध्ये लसींच्या शेजारी त्याला जागा मिळते का, यावर ते इंजेक्शन काम करणार की नाही हे ठरतं. शिफारशीच्या कागदावर 'ऑक्सिटोसिन १० युनिट' एवढंच असतं. २०१८ मध्ये तर गाई-म्हशींना पान्हा सुटावा म्हणून गैरवापर होतो, या कारणाने केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना हे औषध देशात विकण्यासाठी बनवायलाच मनाई केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ती रद्द ठरवली. नाहीतर सगळ्या देशातल्या बाळंतिणी एका सरकारी कारखान्याच्या भरवशावर राहिल्या असत्या.

सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' कार्यक्रम आहे; त्यात तपासणी होते, गुण मिळतात. महाराष्ट्रात बाळंतपणं खासगी नर्सिंग होममध्येही खूप होतात. तिथे गाइडलाइन किती पाळली जाते, हे बव्हंशी त्या डॉक्टरच्या आवडीवर सोडलेलं आहे. माझ्या मते सगळ्यात मोठं भगदाड इथे आहे.

'प्रत्येक बाई वेगळी, मग सगळ्यांना एकच नियम कसा?'

गाइडलाइन बहुतेकांसाठी असते, सर्वांसाठी नाही. दमा असलेल्या बाईला पिशवी आकसवणारं एक विशिष्ट इंजेक्शन टाळावं लागतं, बीपी असलेल्या बाईला दुसरं. हे त्यातच लिहिलेलं असतं. डॉक्टरला वेगळं करावंसं वाटलं तर करता येतं, फक्त कारण केसपेपरवर लिहावं. अनुभवी डॉक्टरचा खरा कस इथेच लागतो: नियम कुठे लागू नाही हे ओळखण्यात.

'यात कंपन्यांचा हात नसेल कशावरून?'

कधी असतो, म्हणून विचारायचंच. समितीतल्या प्रत्येकाला आपले आर्थिक संबंध लेखी जाहीर करावे लागतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं पेटंट कधीच संपलंय, त्यात कुणाला मोठी कमाई नाही. उलट रक्तस्राव टाळण्यासाठीच्या, उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनचा दहा देशांतला मोठा अभ्यास मर्क कंपनीच्या मातृआरोग्य उपक्रमाच्या पैशातून झाला. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. पण ते वाचणाऱ्याला दिसायला हवं, आणि अहवालात ते छापलेलं आहे.

नातेवाइकांनी काय विचारावं?

डॉक्टरांना गाइडलाइन शिकवायला जाऊ नये. पण नाव नोंदवतानाच दोन-तीन साधे प्रश्न विचारता येतात. रात्री रक्त लागलं तर कुठून येतं आणि किती वेळात? बाळंतपणानंतर पहिला तासभर कोण बघतं? रक्त मोजतात का? तिसऱ्या प्रश्नावर कुणी हसलं तर हसू द्या. ड्रेप नसेल तर भिजलेले पॅड आणि कापड वजनकाट्यावर ठेवून त्यातून कोरड्याचं वजन वजा करता येतं; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलि रक्त. बाळाचं वजन करायचा काटा प्रत्येक लेबर रूममध्ये असतोच.